थीम पार्कची सहल, घरातल्या सगळ्यांना धरून: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी थीम पार्क म्हटलं की पहिलं नाव येतं ते इमॅजिकाचं. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे आणि त्याला लागूनच वॉटर पार्क आहे. नुसतं पाण्यात डुंबायचं असेल तर घोडबंदर रोडचं सूरज वॉटर पार्क आणि मानपाड्याकडची टिकुजिनी वाडी त्याहून जवळ. पुढे जे सांगते आहे ते इमॅजिकाचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून, पण कुठल्याही पार्कला लागू पडावं असं.

ज्या घरात कुणी व्हीलचेअर वापरतं, कुणाला दिसत नाही, एखाद्या मुलाला ऑटिझम आहे किंवा आजीचे गुडघे साथ देत नाहीत, त्या घरात सहलीचा विषय निघाला की ती व्यक्तीच आधी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी थांबते घरी." कृपा करून हे वाक्य मान्य करून पुढे जाऊ नका. सहलीची आखणी त्याच व्यक्तीपासून सुरू करा. राइड कोणत्या, जेवण कुठे, निघायचं कधी, हे सगळं तिच्या गरजांवरून ठरवलं तर बाकीच्यांचं काही अडत नाही. उलट केलं तर तिचा दिवस झाडाखाली बॅगा सांभाळण्यात जातो. मला हे फार लागतं, कारण माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो आणि त्याला वेगाची भयंकर हौस आहे.

आधी घरात बोलून घ्या

त्या व्यक्तीलाच विचारा, तिच्या वतीने कुणी उत्तर देऊ नका. काय करायला आवडेल, काय अजिबात नको, किती वेळाने आडवं व्हावं लागतं, किती वेळाने बाथरूमला जावं लागतं, अनोळखी माणसाने उचललेलं चालतं का. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या अनेकांना दर चार-सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, वापरावा लागतो. दिवसाचं वेळापत्रक त्याभोवती बसवावं लागतं आणि हे घरच्या सगळ्यांना आधी माहीत असलेलं बरं. मोठ्या माणसाला कोणत्या राइडमध्ये बसायचं हे तो स्वतः ठरवेल. आईने किंवा बहिणीने काळजीपोटी परस्पर नाही म्हणायचं नाही, हा नियम आमच्याकडे भावाने घातला आणि तो योग्य आहे.

ऑटिझम असलेल्या मुलासाठी दिवस चित्रांत मांडून दाखवा: गाडी, गेट, रांग, राइड, जेवण, घर. पार्कच्या संकेतस्थळावरचे फोटो आणि राइडचे व्हिडिओ आधी दाखवले तर आवाज आणि गर्दी अचानक अंगावर येत नाही. जमलं तर छोटी तालीमही करा. नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, टॉय ट्रेन आहे. ठाण्यात कोलशेतला २०२४ मध्ये सुरू झालेलं सेंट्रल पार्क आहे. अशा ठिकाणी दोन-तीन तास काढले की मूल रांगेत किती वेळ थांबू शकतं, व्हीलचेअर ढकलणारा कधी थकतो, आजी कितव्या बाकावर बसते, हे सगळं समजतं.

तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळा. मंगळवार ते गुरुवार त्यातल्या त्यात मोकळं असतं, फक्त शाळांच्या सहली त्याच दिवसांत येतात, तेव्हा फोनवर तेही विचारा. मे महिन्यात मुलांना सुट्टी असली तरी ज्यांना उन्हाचा त्रास होतो त्यांना नेऊ नका. कण्याला वरच्या भागात इजा असेल तर इजेच्या खालच्या शरीराला घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग तापत जातं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातही उष्णतेने लक्षणं वाढतात. पावसाळ्यात खोपोली दिसते सुंदर, पण घाटपायथ्याचा पाऊस धो धो असतो. वीज कडाडली की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात आणि ओल्या लादीवर कुबड्या सटकतात.

फोन करा, आणि नेमकं विचारा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. "तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?" असं विचारलं की उत्तर "हो, आहे" असंच येतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. वही घेऊन बसा आणि असं विचारा:

गेटपासून पार्किंग किती लांब आहे? व्हीलचेअर वापरणाऱ्याला गेटपाशी उतरवता येईल का?

रॅम्पचा चढ किती आहे? मान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला निदान १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. दोन पायऱ्यांवर टाकलेली छोटी लोखंडी पट्टी म्हणजे रॅम्प नव्हे, त्यावरून खुर्ची मागे पलटते.

दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह कोणत्या भागात आहे, दाराची रुंदी किती, आत खुर्ची वळते का, धरायला दांडे आहेत का, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते? शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्याकडे मॉलपासून स्टेशनपर्यंत अनेक ठिकाणी हे स्वच्छतागृह कुलूपबंद असतं, आत बादल्या आणि पोछे ठेवलेले असतात आणि किल्ली असलेल्या मावशी जेवायला गेलेल्या असतात. फोनवर विचारून ठेवलं की त्या दिवशी ते उघडं मिळण्याची शक्यता वाढते.

मोठ्या मुलाचं किंवा माणसाचं डायपर बदलायचं असेल तर प्रथमोपचार कक्षातली खाट वापरू द्याल का? बाळांसाठीच्या फळीवर दहा वर्षांचं मूल मावत नाही आणि लादीवर कुणाला झोपवायची वेळ येऊ नये.

रांगेची जागा अरुंद असेल तर बाहेर पडायच्या दाराने राइडवर घेता का? बरोबर किती जणांना येता येतं? जो रांगेत थांबूच शकत नाही, त्याला वेळ देऊन नंतर बोलावता का?

कोणत्या राइडमध्ये खुर्चीसकट बसता येतं, आणि कोणत्या राइडमध्ये खुर्चीतून उठून सीटवर जावं लागतं? अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियोमध्ये २०१० साली मॉर्गन्स वंडरलँड नावाचं पार्क सुरू झालं, तिथे झोका आणि मेरी-गो-राउंडसुद्धा व्हीलचेअरसकट वापरता येतात. २०१७ साली त्याच ठिकाणी सुरू झालेल्या वॉटर पार्कात पाण्यात नेता येणाऱ्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या खुर्च्या ठेवल्या आहेत. म्हणजे हे करता येतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उत्तर "उठून बसावं लागेल" असंच मिळेल, तरी विचारत राहा. विचारणारे वाढले तर सोयीही वाढतील.

तिकिटाच्या सवलतीबद्दल बुकिंगच्या आधी विचारा. ऑनलाइन तिकीट निघाल्यावर फरक परत मिळणं कठीण. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, मूळ प्रत बरोबर ठेवा. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून घ्यावा, सहलीपलीकडेही ते उपयोगी पडतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण पथ्याचं जेवण, नळीवाटे द्यायचं अन्न, मधुमेहींचा खाऊ यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी चालेल का, हेही विचारून ठेवा. फोनवर जे कबूल झालं ते ईमेलवर लिहून मागवा. तो ईमेल गेटवर फार कामाला येतो.

डॉक्टरांशी दहा मिनिटं

हृदयविकार, न आटोक्यातला रक्तदाब, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मानेचं किंवा कमरेचं दुखणं असेल तर जोराच्या राइड नकोत, हे प्रत्येक फलकावर लिहिलेलं असतं. काही गोष्टी मात्र त्या फलकावर दिसतीलच असं नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही जणांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. जोराचा हिसका बसला तर मज्जारज्जूला धोका पोचू शकतो, म्हणून रोलरकोस्टरवर बसण्याआधी डॉक्टरांना विचाराच. फिट येणाऱ्यांना झपझप लुकलुकणारे दिवे त्रास देऊ शकतात, आणि अंधाऱ्या राइडमध्ये ते असतात. कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवलेल्या यंत्राचा, बाहेरचा भाग प्लास्टिकच्या घसरगुंडीवर आणि जोराच्या राइडवर काढून ठेवावा लागतो, कारण घसरताना तयार होणारी स्थिर वीज त्याला बाधू शकते. तो काढला की ऐकू येत नाही, म्हणून "थांब", "दुखतंय", "पुन्हा" अशा खुणा आधी ठरवून घ्या. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्यांना थंड पाण्यात जास्त वेळ राहिल्याने आणि अंगातलं पाणी कमी झाल्याने वेदनेचा झटका येऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही मदत लागते, हे रांगेतल्या इतरांनीही लक्षात घ्यावं.

जाणं-येणं

नवी मुंबईकरांनी सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली गाठून एक्स्प्रेसवे धरावा आणि खालापूरपाशी तो सोडून पालीच्या रस्त्याला लागावं. ठाणेकरांना दोन वाटा: ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्ता, नाहीतर मुंब्रा बायपासवरून शिळफाटा आणि तळोजा. शिळफाट्याला सकाळी आठनंतर काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. साडेसहाला निघालात तर गेट उघडायच्या आत पोचून निवांत नाश्ताही होतो.

टॅक्सी करणार असाल तर ही गोष्ट नीट वाचा. सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सिलिंडर असतो आणि घडीची व्हीलचेअरसुद्धा तिथे बसत नाही. बुकिंग करतानाच ड्रायव्हरकाकांना डिकीचा फोटो पाठवायला सांगा. सात जणांच्या गाडीत मागची सीट पाडली की खुर्ची आरामात मावते. ज्यांना स्वतः खुर्चीतून गाडीत सरकता येतं त्यांच्यासाठी गाडीच्या सीटची उंचीही बघा, फार उंच गाडीत चढताना उचलावं लागतं.

लोकलने खोपोलीपर्यंत जाता येतं, दिव्यांगांचा डबाही असतो. पण कर्जतपुढे खोपोलीच्या गाड्या मोजक्याच, फलाट आणि डबा यांतली फट आहेच, आणि स्टेशनवरून पार्कपर्यंत रिक्षा. कुबड्या घेऊन तरुण माणूस हे करू शकतो. व्हीलचेअर असेल तर माझं मत गाडीच्याच बाजूने.

घरात व्हीलचेअर नसेल आणि आजी-आजोबांसाठी एका दिवसापुरती हवी असेल तर विकत घेऊ नका. ठाण्यात, डोंबिवलीत, वाशी-नेरूळकडे अनेक मंडळं आणि संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देतात: व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची. घेताना ब्रेक लागतो का, पाय ठेवायच्या पट्ट्या निघतात का आणि टायरमध्ये हवा आहे का ते तिथेच तपासा. आजोबा "मला कशाला खुर्ची" म्हणतील. त्यांना सांगा की खुर्ची फक्त लांबच्या अंतरांसाठी आहे, मनात येईल तेव्हा उठून चाला.

रात्री तिथेच राहणार असाल तर हॉटेलला चार फोटो मागवा: बाथरूमचं दार, दाराचा उंबरा, आंघोळीची जागा आणि पलंग. फोटोत मापाची टेप धरायला सांगा. पलंगाची उंची खुर्चीच्या सीटइतकी, म्हणजे साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर, असली तर माणूस स्वतःच्या बळावर सरकू शकतो.

बॅग

औषधं दोन ठिकाणी विभागून, चिठ्ठीची प्रत, यूडीआयडी कार्ड, ओआरएसची पाकिटं, टोपी, पाणी फवारायची बाटली आणि ओला करून मानेवर ठेवायला पंचा. घडीची चटई आणि जुनी चादर. खुर्चीच्या टायरला हवा भरायचा छोटा पंप. आवाज सहन न होणाऱ्यांसाठी कान झाकणारे हेडफोन. मुलाच्या खिशात पालकाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणीबाणीत १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ हा मदतीचा क्रमांक, दोन्ही फोनमध्ये साठवा.

पार्कात शिरल्यावर

पहिल्यांदा राइडकडे धावू नका. स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार कक्ष बघून घ्या, किल्लीचा प्रश्न तिथेच मिटवा, मग नकाशा उघडा. सकाळच्या पहिल्या दोन तासांत रांगा लहान असतात, तेव्हा उघड्यावरच्या लोकप्रिय राइड करून घ्या. ऊन चढलं की बंदिस्त भागातल्या राइड आणि खेळांकडे वळा. दुपारी तासभर कुठेतरी पंख्याखाली सगळ्यांनी बसा, फक्त आजीने नाही. ज्यांना कमरेखाली संवेदना नाहीत त्यांनी दर अर्ध्या तासाच्या आत हातांवर जोर देऊन बूड उचलायचं आहे, नाहीतर दिवसाच्या शेवटी त्वचेवर फोड उठतो आणि तो महिनोन् महिने भरत नाही.

आई-वडिलांपैकी एकाला मुलापाशी थांबावं लागत असेल, तर एक जण राइड करून येईपर्यंत दुसऱ्याने थांबावं आणि मग पुन्हा रांग न लावता दुसऱ्याला बसू द्यावं, अशी विनंती राइडवरच्या माणसाला करा.

उंचीची अट आधी मुलांना सांगून ठेवा. मोठ्या कोस्टरना साधारण १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान किमान उंची लागते. घरी भिंतीवर मोजून नेलंत तर दारात रडारड होत नाही.

राइडवर चढताना

प्रत्येक राइडसाठी तीन गोष्टी बघायच्या: सीटपर्यंत जायचं कसं, सीटवर धरायचं कसं, आणि राइड मध्येच थांबली तर उतरायचं कसं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. कोस्टर उंचावर थांबला तर अरुंद जिन्याने चालत खाली यावं लागतं. ज्यांना चालता येत नाही त्यांना कर्मचारी तिथे नाही म्हणतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं. आपली माणसं उचलून आणू शकतील का, आणि पार्क ते मान्य करतं का, हे विचारून निर्णय घ्या. इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या कोस्टरला पायाखाली फरशीच नसते, पाय लोंबकळतात आणि गाडी उलटीपालटी होते. ज्यांच्या पायांत ताकद नाही किंवा कृत्रिम पाय आहे त्यांनी पाय नीट बांधता येतो का हे बघितल्याशिवाय बसू नये. बोटीच्या किंवा हळू चालणाऱ्या गाडीच्या राइड अशा वेळी जास्त सोप्या असतात.

खुर्चीतून बोटीत सरकणं कसं होतं ते सांगते. माझ्या भावाने खुर्ची बोटीच्या कडेला तिरकी लावली, दोन्ही ब्रेक दाबले, पायाच्या पट्ट्या बाजूला केल्या. मदतीला आलेल्या मुलाने घाईने त्याच्या काखेत हात घातला. भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, काखेत नको. तुम्ही फक्त बोट हलू देऊ नका आणि मी म्हटलं की माझे गुडघे धरा." मग त्याने बोटीची सीट हाताने चाचपली, कारण उन्हात तापलेल्या सीटचा चटका त्याच्या पायांना कळत नाही. त्यावर पंचा टाकला, एक हात सीटवर, एक खुर्चीवर, "आता" म्हणाला आणि सरकला. त्या मुलाने पुढच्या फेरीला काही न सांगता बोट धरून ठेवली. मदत करणाऱ्याला आधी शब्दांत सांगा, मग हात लावू द्या. बऱ्याच तरुण कर्मचाऱ्यांना मदत करायची असते, कशी करायची ते कुणी शिकवलेलं नसतं.

ज्यांना दिसत नाही त्यांना बसायच्या आधी हार्नेस, म्हणजे सीटवर अंग धरून ठेवणारा पट्टा किंवा दांडा, हाताने चाचपू द्यायला सांगा, आणि राइड कशी वळते, कुठे पडते, किती वेळ चालते ते बोलून सांगा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना सुरक्षेच्या सूचना लिहून दाखवायला सांगा.

वॉटर पार्क असेल तर

नायलॉनचा पोहण्याचा पोशाख सक्तीचा असतो, सुती चालत नाही. स्नायू आखडणाऱ्यांना तो घट्ट पोशाख घालताना जीव नकोसा होतो. एक माप मोठा, पुढून चेन असलेला घ्या आणि घरी एकदा घालून बघा. डायपर लागत असेल तर पाण्यात चालणारा वेगळा मिळतो. आपली चांगली खुर्ची पाण्याजवळ नेऊ नका, बेअरिंग गंजतात. उसनी, साधी खुर्ची त्यासाठी बरी.

नकार मिळाला तर

सुरक्षेचं खरं कारण असेल तर कर्मचारी ते सांगू शकतो: हार्नेस बसत नाही, उतरायला जिना आहे, पकड लागते. ते ऐकून घ्या. पण "दिव्यांगांना परवानगी नाही" एवढंच उत्तर आलं तर तिथे थांबा. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही. रास्त उद्देशासाठी केलेली आणि त्याच्या प्रमाणात असलेली अडवणूकच तेवढी अपवाद ठरते. आवाज न चढवता व्यवस्थापकाला बोलवा, कारण लेखी मागा, फलकाचा फोटो काढा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं स्पष्ट केलं आहे.

पार्काने दाद दिली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. आणि जिथे चांगलं वागवलं, तिथेही घरी आल्यावर एक ईमेल पाठवा. त्यात नेमकं लिहा: कोणत्या राइडवर कोणाच्या मदतीने बसता आलं, कोणत्या रॅम्पवर खुर्ची अडली, स्वच्छतागृहाच्या दाराचं माप किती होतं. फोटो जोडा. तेच फोटो आणि मापं तुमच्या सोसायटीच्या किंवा मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही टाका. पुढच्या घराला फोनवर इतके प्रश्न विचारावे लागणार नाहीत.